व्याह्यांची गाणी

पोस्टरवर दोन्ही नावं एकाच ओळीत, एकाच मापाच्या अक्षरांत छापलेली होती. तरीही ताईंनी पर्समधून पट्टी काढली. त्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या पर्समध्ये पट्टी असायचीच.

"मास्तरांचं नाव डावीकडे आहे," त्या म्हणाल्या. "आपण डावीकडून वाचतो."

"ताई, कुणाचं तरी नाव डावीकडे येणारच ना," गायिका म्हणाली.

"अण्णांचं आलं असतं."

"मग उद्या बाबांनी पट्टी काढली असती."

यावर दंतवैद्य, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ आणि गायिकेचा नवरा, खिडकीबाहेर बघू लागला. सत्तावीस वर्षांच्या संसारात तो एक गोष्ट पक्की शिकला होता. तोंड दुसऱ्यांनी उघडायचं, आपण नाही.

शनिवारची दुपार होती. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी. दिवाणखान्यातल्या खुर्च्या भिंतीला लावून मधे पियानो ओढला होता, आणि पियानोशी मास्तर बसले होते. गायिकेचे वडील, वय वर्षं एक्याऐंशी. त्यांच्या शेजारी, एक हात पियानोच्या झाकणावर टेकून, अण्णा. गायिकेचे सासरे, वय एकोणऐंशी. अण्णांनी शब्द लिहायचे आणि मास्तरांनी चाल लावायची, असं बावन्न वर्षं चाललं होतं. त्यातून एकोणीस संगीत नाटकं झाली आणि एक लग्न. नाटकं पडली तरी उतरवता येतात, लग्नाचं तसं नसतं, असं माई, म्हणजे गायिकेच्या सासूबाई, म्हणायच्या.

त्यामुळे हा कार्यक्रम म्हणजे गायिकेसाठी दोरीवरची कसरत होती. ती एकटी रंगमंचावर उभी राहून दोघांची गाणी गाणार, मधेमधे त्यांच्या गोष्टी सांगणार. बापाचं कौतुक दोन वाक्यं जास्त झालं की सासर रुसणार, सासऱ्यांचं झालं की माहेर. इतर बायकांची ही कसरत घरात चालते. तिची सातशे लोकांसमोर चालणार होती.

तिनं सगळ्यांच्या हातात गाण्यांची यादी दिली. अण्णांनी चष्मा वर केला, बोट खाली खाली नेलं आणि सातव्या ओळीवर थांबवलं.

"सात नंबर खोड," ते म्हणाले.

मास्तरांनीही सातवी ओळ वाचली. "खोड," ते म्हणाले.

दोघांचं एकमत झालेलं ऐकून माई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय झालं? कोण पडलं?"

"कुणी नाही," गायिका म्हणाली. "मी 'बर्फवाला'मधलं एक गाणं घेतलंय."

"अगं बाई," माई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

'बर्फवाला' तीन दिवस चाललं होतं. तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दिग्दर्शकाला रंगमंचावर खराखुरा बर्फ हवा होता. पहिल्या अंकात तो सुंदर दिसला. दुसऱ्या अंकात त्याचं पाणी झालं, आणि नायिका "सांभाळ मला" असं गात गात घसरली ती थेट खाली वादकांच्या खड्ड्यात, मोठ्या ढोलावर. लोकांना ते नाटकातलंच वाटलं. तेवढ्याच जागी टाळ्या पडल्या.

"त्यांच्या शब्दांत बर्फ होता म्हणून तो रंगमंचावर आला," मास्तर म्हणाले.

"त्या पळत्या चालीवर माणूस कोरड्या जमिनीवरही घसरला असता," अण्णा म्हणाले.

ही दोन वाक्यं इतकी वर्षं याच क्रमानं यायची. त्यांच्या मागोमाग काय येणार, हेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"अहो कविराज," मास्तर म्हणाले.

"बोला व्याहीबुवा," अण्णा म्हणाले.

एरवी दोघं एकमेकांना अरे-तुरे करायचे. अहो-जाहो सुरू झालं की समजायचं, भांडण पेटलं. 'बर्फवाला' पडल्यावर ते अकरा महिने एकमेकांना 'अहो' म्हणत होते, तेही पत्रातून. अण्णांची गाणी पाकिटात घालून त्यांचा मुलगा मास्तरांकडे न्यायचा आणि चालीची कॅसेट घेऊन मास्तरांची मुलगी परत यायची. पुढे पाकीट रिकामं असलं तरी पोचवायला दोघं जाऊ लागले, आणि घरच्यांना लग्नाची तारीख काढावी लागली.

"निदान एकदा ऐका तरी," गायिका म्हणाली. "मग खोडा."

मास्तरांनी नाइलाजानं सूर दिला. ती उभी राहिली.

थेंब थेंब मी सांडत जातो,
दारोदारी मांडत जातो;
पोचेन तेव्हा उरेन थोडा,
उरलो तितका ठेवून घे.

धृपद झालं. पहिला अंतराही झाला. दुसऱ्या अंतऱ्याशी मात्र ती अडली. अठरा वर्षांची असताना विंगेत उभं राहून ऐकलेली चाल ऐन वेळी डोक्यातून पार निघून गेली. थांबायचं कसं? तिनं मनानंच चाल रचली आणि पुढे गेली. गाताना तिनं मान आक्रसून घेतली होती. अर्धा सूर हलला म्हणून मास्तरांनी एकदा भर प्रयोगात वाजवणं बंद केलं होतं, आणि नायकाला पुन्हा पहिल्यापासून मरायला लावलं होतं.

पण मास्तर थांबले नाहीत. ती गेली तिकडे मागोमाग गेले, आणि गाणं संपलं.

अण्णांनी डोळे उघडले. हात अजून झाकणावरच होता. "वा! हीच ती चाल. इतक्या वर्षांनी, पण एक सूर इकडचा तिकडे नाही. राहू दे सातवं."

गायिकेनं वडिलांकडे पाहिलं.

"हो," मास्तर पियानोच्या पट्ट्यांकडे बघत म्हणाले. "हीच चाल."

*

"बाबा, पाणी प्यायला चला," ती म्हणाली, आणि मास्तरांना दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"दुसरा अंतरा मी मनानं गायले."

"कळलं. वाईट होता."

"मग बोलला का नाहीत?"

"कविराज म्हणाला ना हीच चाल? मग हीच."

"बाबा, अण्णांना ऐकू येत नाही का?"

मास्तरांनी पटकन नळ सोडला.

"नळ कशाला सोडताय? ज्यांना ऐकूच येत नाही त्यांच्यापासून चोरून बोलायला?"

मास्तरांनी नळ बंद केला. "दोन वर्षं झाली, चिमणे. मी दर मंगळवारी येतो ना त्याच्याकडे, गाणं करायला? एका मंगळवारी माझ्या लक्षात आलं की मी थांबलो तरी त्याची मान डोलतेच आहे. मग तो झाकणावर हात ठेवायला लागला. लाकडातून हादरा कळतो त्याला. म्हणून मी सगळ्या चाली खालच्या पट्टीत आणल्या. तिथले सूर हाताला चांगले लागतात. लोक म्हणतात, मास्तर म्हातारपणी गंभीर झाले."

"त्यांना माहीत आहे, तुम्हाला कळलंय ते?"

"छे! त्याला कळता कामा नये. कळलं की तो लिहिणं सोडेल. मानी आहे मेला." मग एकदम त्यांचा आवाज कडक झाला. "आणि ती उद्याची मुलाखत मोडून टाक."

तेव्हा कुठे गायिकेच्या लक्षात आलं. मध्यंतरानंतर ताई दोघांना रंगमंचावर बसवून वीस मिनिटं प्रश्न विचारणार होत्या. प्रश्नांची वही गेल्या महिन्यापासून तयार होती, लाल शाईत मुद्दे, निळ्यात उपमुद्दे. एक प्रश्न आंब्याचा आणि उत्तर चिंचेचं आलं की सातशे लोक हसणार. पहिल्यांदा प्रेमानं हसतील. दुसऱ्यांदा कुजबुजतील.

*

"मुलाखत काढायची?" स्वयंपाकघरात आलेल्या ताईंचा आवाज ऐकून शेजारच्या घरातली खिडकी लागली.

"वेळ पुरत नाही हो, ताई."

"सातव्या गाण्याला पुरतो? जे पडलं त्याला वेळ आहे, आणि अण्णांनी चार शब्द बोलायला वेळ नाही?" ताई भावाकडे वळल्या. "तू बोल. की तुझ्याही तोंडात कापूस आहे?"

दंतवैद्याच्या कपाळाला घाम आला. बहीण त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. बाराखडी त्यानं तिच्या हाताखाली गिरवली होती, आणि त्या हातात तेव्हाही पट्टीच होती. बायको त्याच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती तेही त्याला नवे नव्हते. पण आज तिच्या डोळ्यांत राग नव्हता, घाबरलेपण होतं. त्याला आठवलं, दोन महिन्यांपूर्वी त्यानं अण्णांची दाढ कोरली होती. त्याच्या ड्रिलचा आवाज ऐकून बाहेर बसलेली माणसं पुढची तारीख घेऊन घरी जातात. अण्णा मात्र आ वासून शांत पडले होते, आणि मशीन बंद झाल्यावर म्हणाले होते, "सुरू कर की आता."

"मुलाखत नको," तो म्हणाला.

स्वतःच्या आवाजाचं त्यालाच आश्चर्य वाटलं. ताईंनी वही मिटली. "अच्छा. म्हणजे सगळं ठरलंय," त्या म्हणाल्या. "गायिकाबाईंच्या कार्यक्रमात मास्तर वाजवणार आणि अण्णांनी शोभेला बसायचं." वही बगलेत मारून त्या गॅलरीत निघून गेल्या.

स्वयंपाकघरात आता तिघं झाले, आणि चहाच्या निमित्तानं माई आल्या तेव्हा चौघं.

"तुला कसं कळलं?" गायिकेनं नवऱ्याला दबक्या आवाजात विचारलं.

"ड्रिल," तो म्हणाला. "मला वाटलं, मलाच माहीत आहे."

"आणि मला वाटलं, मलाच," मास्तर म्हणाले.

माईंनी साखरेचा डबा खाली ठेवला. "एका घरात राहते मी त्यांच्याबरोबर. मला नसेल का माहीत? दोन वर्षं मनात येईल ते मोठ्यानं बोलते आहे. परवा तोंडावर म्हटलं, लग्नाआधी मला एका डॉक्टराचंही स्थळ आलं होतं. म्हणाले, हो, जरा उकडतंय खरं."

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

"फार बरं वाटत होतं गं," माई म्हणाल्या.

"पण मग ताईंना कसं नाही कळलं?" गायिका म्हणाली. "रोज संध्याकाळी येतात त्या. तासभर बोलत बसतात."

त्याच वेळी गॅलरीतून ताईंची हाक आली. रागात असल्या तरी कर्तव्य त्या चुकवत नसत. "अण्णा, चहा घेणार का?"

आणि दिवाणखान्यातून, मधे बंद दार असताना, अण्णांचं उत्तर आलं, "अर्धा कप! साखर नको!"

मग दंतवैद्य हळूच म्हणाला, "प्रार्थनेला नऊशे मुलं उभी असतात तिच्यासमोर. मैदानात. माईक तिनं पहिल्या वर्षीच परत पाठवला होता."

"म्हणजे ज्यांना घालवायला निघालो," गायिका म्हणाली, "त्यांच्याच पाया पडायला हवं."

"मी पडतो," मास्तर म्हणाले. "पण मला उठवायला कुणीतरी या."

*

अण्णा एकटेच पियानोशी बसले होते. सगळे स्वयंपाकघरात गेले म्हणजे आपल्याबद्दलच बोलत असणार, एवढं कळायला कान लागत नाहीत. मास्तरला कळलंय, हे त्यांना दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. ज्या माणसानं पन्नास वर्षांत त्यांचा एक शब्द न भांडता घेतला नाही, तो एका मंगळवारी अचानक "छान, छान" म्हणू लागला, आणि सगळ्या चाली तळघरात नेऊन ठेवल्या. आंधळ्यालाही दिसलं असतं.

त्यांनी मुद्दामच काही म्हटलं नव्हतं. बायको गेल्यापासून मास्तर घराबाहेर पडेना झाला होता. मंगळवार ठरवला की त्याचे गुडघे दुखायचे. पण आपण कुणावर तरी उपकार करतोय असं वाटलं, की तो दहा मिनिटं आधीच येऊन जिना चढायचा, दोनदा थांबून, कठड्याला धरून. येऊ दे बिचारा, अण्णांनी ठरवलं होतं. थोडं कौतुक सोसू आपण.

ताई आत आल्या आणि समोर बसल्या.

"मुलाखत काढली त्यांनी," त्या म्हणाल्या. "वेळ नाही म्हणे."

"वेळ आहे," अण्णा म्हणाले. "मला कान नाहीत."

ताईंना ती कवीची भाषा वाटली. मग वाटली नाही.

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं. सूनबाई मला वाचवतेय. तिला वाटतंय, स्टेजवर माझी फजिती होईल."

"पण तुम्ही माझ्याशी तर रोज..."

"तुझा आवाज येतो मला. आता तेवढाच येतो."

ताईंनी मान खाली घातली. त्यांच्या आवाजावर आयुष्यभर माणसं बोलत आली होती. शाळेतल्या बाई, नात्यातल्या बायका, दोन सांगून आलेली स्थळं. आई तर रोज. हळू बोल, हळू बोल, मुलीच्या जातीला शोभत नाही. आणि अण्णासुद्धा, लिहायला बसले की आतून ओरडायचे, ताई, हळू!

"मीसुद्धा म्हणायचो तुला, हळू बोल म्हणून," अण्णा म्हणाले. "चुकलंच माझं. तू ऐकलं नाहीस, ते बरं केलंस."

ताईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना रडायची सवय नव्हती, त्यामुळे ते काम त्यांनी पटकन उरकलं. "बाकी सगळ्यांना माहीत होतं?"

"बहुतेक."

"मला सोडून सगळ्यांना." त्या उठल्या. "बघते एकेकाला."

"मास्तरला मात्र बोलू नकोस. मला त्याचं कळलंय हे त्याला कळलं, तर मंगळवारी यायचा नाही."

दारात त्यांची आणि स्वयंपाकघरातून निघालेल्या शिष्टमंडळाची गाठ पडली. सगळ्यांत पुढे मास्तर होते, वाकायच्या तयारीत.

"मुलाखत मी घेणार," ताई म्हणाल्या. "आणि मला माईक लागणार नाही. कुणाला काही शंका?"

कुणाला नव्हती. "ताई," गायिका म्हणाली, "मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ताई म्हणाल्या. "आणि तो दुसरा अंतरा मीही ऐकला. वाईट होता. आज पाठ करून टाक."

*

रविवारी थिएटर भरलं होतं. पहिला भाग ठीक गेला. मध्यंतरानंतर पडदा वर गेला तेव्हा तीन खुर्च्या होत्या. पहिला प्रश्न ताईंनी विचारला आणि शेवटच्या रांगेत डुलक्या काढणारा एक गृहस्थ उभा राहिला. सभागृहात हसू पसरलं. अण्णा मात्र एकदम खुलले. दोन वर्षं ते दुसऱ्याला बोलायला फट मिळू नये म्हणून बडबड करत आले होते. आज ते शांतपणे प्रश्न ऐकत होते आणि नेमकं उत्तर देत होते. विंगेत उभ्या असलेल्या माई म्हणाल्या, "आता घरी जरा जपून बोलायला हवं."

"'बर्फवाला' का पडलं?" ताईंनी विचारलं.

"याच्यामुळे," दोघं एकदम म्हणाले, एकमेकांकडे बोट दाखवून. लोक बराच वेळ हसत राहिले.

मग मास्तर पियानोशी गेले, आणि गायिका पुढे आली. अण्णांची खुर्ची तिनं स्वतः ओढून पियानोला चिकटवली. अण्णांनी झाकणावर हात ठेवला. सातशे माणसांना ती जुनी मैत्री वाटली, आणि ते खोटंही नव्हतं.

धृपद झालं, पहिला अंतरा झाला. दुसरा तिनं पाठ केला होता. तिनं श्वास घेतला, आणि तिच्याआधी अण्णाच गाऊ लागले.

आपण गातोय हे बहुधा त्यांना माहीत नव्हतं. ओठ हलवता हलवता आवाज सुटला होता. मोठा, खरखरीत, सुराकडे पाठ फिरवून बसलेला. शब्द मात्र एकही चुकला नाही. गायिकेनं वडिलांकडे पाहिलं. बेसूर ऐकला की त्यांचा जबडा घट्ट व्हायचा, आणि आता तो घट्ट झाला होता. क्षणभर तिला वाटलं, थांबवतात की काय. पण मास्तरांनी चाल सोडून दिली. तेहतीस वर्षं सांभाळलेली, तिनं रात्रीपासून घोकलेली ती चाल सोडून ते अण्णांच्या शब्दांमागे हळूहळू खालचे सूर ठेवत गेले. अण्णा रेंगाळले तिथे रेंगाळले, घाई झाली तिथे घाईनं गेले. गायिका गप्प उभी राहिली. त्या कार्यक्रमात तिचं सगळ्यांत चांगलं काम तेच झालं, असं ती पुढे सांगायची.

उरलो तितका ठेवून घे, अण्णा म्हणाले, आणि हात उचलला.

मग सगळं थिएटर उभं राहिलं. मास्तर नमस्कार करायला उठले. अण्णा समोरच्या काळोखात डोळे बारीक करून बघत होते.

"ताई, टाळ्या वाजवतायत का गं?"

"वाजवतायत, अण्णा," ताई म्हणाल्या. तेवढ्या टाळ्यांच्या वरूनही ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "उभे राहून वाजवतायत."

अण्णांनी यादीचा कागद वर धरला. "मग बसायला सांग. अजून पाच गाणी राहिली आहेत."

ताई रंगमंचाच्या कडेला आल्या.

"बसा!"

सातशे माणसं खाली बसली. आणि मास्तरही बसले.